बालवर्षातली तारा

शामला सातवी शिकलेली होती. उमरीत एवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती. लग्न झाल्यावर दीड वर्षानं नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं, ते परत न्यायचं नावच घेतलं नाही. भावाच्या घरात ती वहिनीच्या हाताखाली राबायची, आणि दुपारी हात रिकामे झाले की किराण्याच्या पुडीचा कागदही उलटसुलट करून वाचायची. गावात यावर हसायचे. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका संस्थेची जीप नरखेडच्या वाटेनं गावात आली आणि "कोणी शिकलेली बाई आहे का?" असं विचारू लागली, तेव्हा हसणाऱ्यांनीच शामलाच्या घराकडे बोट दाखवलं.

संस्थेला परदेशातून मदत मिळाली होती. सातासमुद्रापलीकडच्या कोणा लोकांनी ठरवलं होतं, की गरिबांच्या पोरांना शाळेआधीच शिकवायला लागायचं आणि त्यांच्या आयांनाही शिकवायचं. सकाळी बालवाडी, दुपारी बायांचा वर्ग. अशी चाळीस गावं होती, त्यातलं एक उमरी.

महिनाभराच्या शिबिराला शामला नागपूरला गेली. तिथे शिकवायला इंदुताई होत्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या सुती पातळातल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. मूल पहिल्या पाच-सहा वर्षांत जे शिकतं त्यावर पुढचं सगळं उभं राहतं, असं त्या सांगत. मूल चालतं कसं, बघतं कसं, ऐकतं का, हे बाईनं पहिल्या आठवड्यात पाहून घ्यायचं. मागे उभं राहून थाळी वाजवायची आणि मूल वळतं का ते बघायचं. शामलानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आपल्याला कोणी काही समजावून सांगतंय, आणि ते आपल्याला समजतंय, याचं सुख तिला किती वर्षांनी मिळत होतं.

ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत बालवाडी सुरू झाली. पहिल्या वर्षी बावीस पोरं होती. पुढच्या वर्षी पाडव्याला रुपराव पाटलांच्या संत्र्याच्या बगीच्यात नवा सालदार आला, नत्थूजी. वर्षाच्या बोलीनं राहायचं, पाडवा आला की बोली संपायची. मग त्याच मालकाकडे, नाहीतर दुसऱ्या गावी. सोबत बायको मनकर्णा आणि साडेचार वर्षांची एकुलती पोरगी, तारा.

तारा बालवाडीत आली ती आईच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून. गाणं चाललं की ती इतर पोरांच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि सगळ्यांनी हात वर केले की क्षणभर उशिरा तीही करायची. चिंचोके मात्र ती सर्वांच्या आधी लावायची. लहान एकीकडे, मोठे एकीकडे, मोडके तिसरीकडे. हे तिसरीकडे लावायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"नाव काय तुझं?" शामलानं विचारलं.

तारानं तिच्या ओठांकडे बघितलं आणि स्वतःचे ओठ तसेच हलवले. आवाज आला नाही.

"मुकी हाये वं ते," मनकर्णा म्हणाली. "देवानं वाचा नाई देल्ली."

दुसऱ्या दिवशी शामला थाळी घेऊन ताराच्या मागे उभी राहिली. थाळी वाजली तशी बाकीची सगळी पोरं दचकून वळली. तारा चिंचोके लावत बसली होती. शामलानं पुन्हा वाजवली, जोरानं. मग पोरं मागे कशाला बघतायत हे पाहायला तारा वळली, आणि शामलाला बघून हसली.

शामलानं दुपारी मनकर्णाला थांबवून घेतलं. "मुकी नाई तारा. तिले आयकू येत नाई. आयकलंच नाई तर बोलन कशी?"

मनकर्णानं ताराच्या कानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तिले हाका मारल्या, अंगाई गायली... ते काहीच नाई गेलं तिच्यात?"

मनकर्णा बायांच्या वर्गाला येऊ लागली ती त्या दिवसापासून. आधी तिला वेळ नव्हता. आता बगीच्यातलं निंदण उरकून, हातापायांना माती तशीच, ती येऊन बसायची. चार महिन्यांत तिला आपलं नाव लिहिता येऊ लागलं. तारा शेजारी बसून आईची बोटं बघायची.

श्रावण संपता संपता शामला दोघींना घेऊन नागपूरला गेली. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. जन्मापासून बहिरी, पण पोरगी हुशार आहे, असं म्हणाले, आणि मुक्याबहिऱ्यांच्या एका शाळेचा पत्ता लिहून दिला. तिथे गेल्यावर मनकर्णा दारातच थबकली. आत अंगणात तीसेक पोरं हातवारे करत होती, ओठ हलवत होती, भांडत होती, हसत होती. एका मुलीनं फळ्यावर खडूनं आपलं नाव लिहून ताराला दाखवलं. तारा त्या फळ्यासमोरून हलेना.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चांगल्या वेळी आणलीत. सहा वर्षांच्या आत भाषा बसली तर बसते, नंतर फार कठीण जातं. जूनमध्ये वसतिगृहात घेऊ. खर्च काही नाही."

मनकर्णानं अर्जावर सही केली. एकेक अक्षर सावकाश, जीभ दातांत धरून. अंगठ्यासाठी पुढे केलेली शाईची डबी तिनं हातानंच बाजूला सारली होती. शामलाला वाटलं, वर्षभर खडू झिजवला त्याचं आज सार्थक झालं.

पण अर्जावर एक रकाना रिकामा राहिला. कायमचा पत्ता.

"सालदार आहेत ना हे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पुढच्या वर्षी कुठे असतील, सांगता येत नाही. मागे अशा दोन मुली इथेच राहिल्या. सुटीत न्यायला कोणी आलंच नाही, आणि आईबाप कुठे शोधायचे? तेव्हापासून आमचा नियम आहे. कायमचा पत्ता नसेल तर कोणी तरी पालक म्हणून उभं राहायला हवं. नात्यातलं, नाहीतर एखादी संस्था."

"मी राहतो की," शामला म्हणाली.

"तुम्ही नात्यातल्या आहात?"

नव्हती. पण तिच्या मागे संस्था होती. एक पत्र आणायचं, एवढंच. परतीच्या एसटीत शामला मनकर्णाला म्हणाली, "पत्र तं आठ दिवसांत आणतो मी." आणि तिला ते खरंच वाटत होतं.

संस्थेचे प्रकल्प अधिकारी कृष्णकांत महिन्यातून एकदा उमरीला यायचे. माणूस वाईट नव्हता. पोरांसाठी खिशात गोळ्या आणायचे, शामलाची हजेरीवही बघून "उत्तम" असा शेरा लिहायचे. ताराचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शामलाबाई, आपलं काम बालवाडीचं आणि साक्षरतेचं. बहिऱ्या मुलांचं नाही. उद्या चाळीस गावांतून अशी मुलं निघाली तर संस्था सगळ्यांची पालक होणार का?"

"सगळ्यांची नाई साहेब. एकीचीच."

"अर्ज द्या. वर पाठवतो."

अर्ज गेला. वर म्हणजे कुठे, हे शामलाला कळलं नाही. दर महिन्याला ती विचारायची, दर महिन्याला कृष्णकांत म्हणायचे, "अजून वरून आलं नाही." नत्थूजी एकदा बालवाडीच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, तुमी त्या दोघीयले आस लावून ठेवली. झालं नाई तं?" शामला म्हणाली, "होते ना भाऊ, काहून नाई होणार?"

ते साल जगभर बालवर्ष म्हणून पाळलं जात होतं. दिवाळीनंतर निरोप आला, की परदेशातल्या संस्थेच्या मॅडम स्वतः उमरीची बालवाडी बघायला येणार. पुढची तीन वर्षं मदत चालू ठेवायची की नाही, ते या भेटीवर ठरणार होतं. शामलाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. वर, वर म्हणतात ते हेच. ते आता आपल्या दारात येणार.

आठ दिवस ती काय बोलायचं ते जुळवत राहिली. इंदुताईंसारखं शुद्ध बोलायचं, थोडक्यात बोलायचं.

मॅडम उंच होत्या, केस पिकलेले, चेहरा मायाळू. त्या पोरांबरोबर सतरंजीवरच बसल्या. सोबत कृष्णकांत दुभाषे म्हणून आणि इंदुताई. ताराचे चिंचोके बघून मॅडम थांबल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, दोघींचा फोटो काढवून घेतला. मग शामलाकडे वळून काही तरी विचारलं.

कृष्णकांत म्हणाले, "मॅडम विचारतायत, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

शामला जुळवून ठेवलेलं एका दमात बोलली. "ही मुलगी ऐकू शकत नाही. नागपूरच्या शाळेत तिला जागा आहे. पालक म्हणून संस्थेचं एक पत्र पाहिजे. सहा वर्षांच्या आत ती गेली तर बोलायला शिकेल, लिहायला शिकेल. मॅडमनी एवढं एक पत्र द्यावं."

कृष्णकांतांनी इंग्रजीत सांगितलं. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी शामलाचे दोन्ही हात हातात घेतले, भरभरून बोलल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मॅडम म्हणतायत, तुमच्यासारख्या बायांमुळेच हे काम उभं आहे," कृष्णकांत म्हणाले.

"आणि पत्र?"

"बघू या. आता जेवणाची वेळ झाली."

शामलानं इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताई एका पोराच्या सदऱ्याचं बटण लावत होत्या. ते लागलेलंच होतं.

जीप गेल्यावर मनकर्णानं विचारलं, "काय म्हणे बाई ते गोरी?" शामला म्हणाली, "लय खूश झाली."

मार्चमध्ये पाडवा आला. रुपराव पाटलांनी त्या वर्षी दुसरा सालदार ठेवला. नत्थूजीला पांढुर्ण्याकडच्या एका बगीच्यात काम मिळालं होतं. बैलगाडीत दोन गाठोडी, एक पेटी आणि वर तारा. मनकर्णानं नव्या मालकाचं नाव शामलाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, काना-मात्रा चुकवत. "पत्र आलं की कळवा बाई. मी कोठीही असलो तरी येतो." ताराला वाटलं फिरायला चाललोय. तिनं वळणापर्यंत हात हलवला.

पत्र एप्रिलमध्ये आलं. इंग्रजीत होतं. शामलानं ते चोळीत घालून नागपूर गाठलं आणि इंदुताईंच्या घरी गेली. इंदुताईंनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"ताराचं यात काही नाही," त्या म्हणाल्या. "संस्थेचं काम मे अखेर थांबतंय. पुढची मदत दुसऱ्या देशाला द्यायचं परदेशातल्या संस्थेचं ठरलं आहे."

"मॅडम तं एवढ्या खूश झाल्या होत्या. त्याईच्या डोळ्यात पाणी होतं, ताई."

इंदुताई उठून खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "त्या दिवशी कृष्णकांतांनी तुझं बोलणं सांगितलंच नाही. तू आभार मानतेयस, असं सांगितलं. ही मुलगी फार शांत आणि गुणी आहे, असं सांगितलं. गावात काही अडचण दिसली तर मदत बंद होईल अशी भीती होती त्यांना."

"तुमाले कसं माहीत?"

"मी ऐकलं ना. मला इंग्रजी येतं, शामला."

खोलीत पंखा फिरत होता. या बाईनं शिकवलेलं एकेक वाक्य शामलानं वहीत लिहून ठेवलं होतं.

"चाळीस बालवाड्या होत्या," इंदुताई म्हणाल्या. "हजारभर मुलं. मला वाटलं, एका मुलीचं नंतर बघता येईल. बालवाड्या तर वाचतील."

"वाचल्या का मग?"

इंदुताई टेबलाशी बसल्या आणि त्यांनी पालक म्हणून स्वतःच्या नावाचं पत्र लिहून दिलं. ताराची मावस आजी म्हणून. हातचं लिखाण, खाली सही, घराचा पत्ता. दहा मिनिटं लागली. हे त्यांना मॅडमच्या भेटीनंतर लगेचही करता आलं असतं, हे दोघींच्याही मनात एकाच वेळी आलं असावं, कारण दोघींनीही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

शामला ते पत्र घेऊन पांढुर्ण्याला गेली. वहीतल्या नावाचा मालक सापडला. पण नत्थूजीचं त्याच्याशी महिनाभरातच बिनसलं होतं. तो कुटुंब घेऊन कुठे गेला, हे मालकाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. शामला त्या उन्हाळ्यात मोवाड, वरुड, सावनेर, मिळेल त्या एसटीनं फिरली. बगीच्याबगीच्यांत विचारायची, "बहिरी पोरगी असलेला सालदार पाहिला का?" जून गेला. बालवाडीच्या खोलीत ग्रामपंचायतीनं खताची पोती रचली. शामला संत्री निवडायला मजुरीनं जाऊ लागली. भाऊ म्हणाला, "आता पुरे कर." तिनं पत्र पेटीत ठेवलं.

पुढच्या साली अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष असल्याचं तिनं पाटलांच्या रेडिओवर ऐकलं. त्या साली हिवाळ्यात संत्र्याच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, की सौंसरच्या अलीकडे एका बगीच्यात अशी एक पोरगी आहे.

शामला तिथे गेली. ताराच होती. सात वर्षांची, उंच झालेली, केसांच्या जटा. विहिरीकडे जाऊ नये म्हणून डाव्या पायाला दोर बांधून झाडाला अडकवली होती. मनकर्णाच्या कडेवर तान्हं पोर होतं. शामलाला बघून मनकर्णा रडली नाही, हसलीही नाही. दोर सोडून तिनं पोरीला पुढे केलं. तारानं शामलाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मागच्या साली विहिरीत पडली होती," मनकर्णा म्हणाली. "हाक मारून थांबत नाई ते. बांधल्याबिगर काम कसं करू, सांगा?"

शामलानं पत्र दाखवलं. येताना नागपूरच्या शाळेत ती जाऊन आली होती. उशीर फार झालाय, पण आणा, बघू, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. नत्थूजी खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "नेता तं न्या बाई. इथं तरी काय हाय तिचं?" मनकर्णाला सोबत जाता येत नव्हतं. तान्ह्याला ताप होता आणि तोडणी चालू होती. आठ दिवसांनी येईन म्हणाली.

ती त्यांना सडकेपर्यंत सोडायला आली. एसटी आली. मनकर्णानं ताराला उचलून पायरीवर ठेवलं आणि मागे सरकली. तेव्हा ताराला कळलं. तिनं अशी काही किंकाळी फोडली, की ड्रायव्हरनं इंजीन बंद केलं. ती लाथा झाडू लागली, दांड्याला डोकं आपटू लागली. धरायला गेलेल्या शामलाच्या मनगटाचा तिनं कडकडून चावा घेतला. रक्त आलं.

"आई येणार आहे," शामला म्हणत होती. "आठ दिवसांनी आई येणार आहे. शाळा आहे तिथं, तारा, शाळा."

एसटीतले सगळे लोक ते ऐकत होते. तारालाच तेवढं ऐकू येत नव्हतं. आई येणार, हे सांगायला शामलाकडे कसलीच खूण नव्हती. 'येणार' हे हातानं कसं दाखवतात? 'आठ दिवस' कसे दाखवतात? पोरीला एवढंच दिसत होतं, की आईनं आपल्याला एका अनोळखी बाईच्या हातात दिलं आणि ती मागे सरकली.

"बाई, चढा नाईतर उतरा," कंडक्टर म्हणाला. आवाज वाईट नव्हता त्याचा.

मनकर्णानं पोरगी घेतली. शामलानं दिली की तिनं ओढली, हे पुढे दोघींनाही सांगता आलं नसतं. तारा आईच्या मानेला अशी घट्ट बिलगली, की तान्हं दबून रडू लागलं. एसटी निघाली. शामला त्यातच होती. मागच्या काचेतून तिला दिसलं, की मनकर्णा त्या दोघांना सांभाळत सडकेवरच बसून गेली आहे.

शामला पुन्हा दोनदा तिकडे जायला निघाली. एकदा नरखेडवरून परतली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा पाडवा होऊन गेला होता आणि त्या झोपडीत दुसरंच कुटुंब होतं. पुढे सरकारी अंगणवाडी उमरीत आली, पण शामलानं अर्ज केला नाही. वहिनीनं कारण विचारलं तर ती म्हणाली, "मले नाई जमत ते." संत्री निवडायला मात्र ती रोज जाते. लहान एकीकडे, मोठी एकीकडे. मुकादम म्हणतो, हात चांगला आहे बाईचा, बोलत नाही फक्त.